ते कापड बंबात घालू नकोस

कीथली, इंग्लंड
डिसेंबर अखेर

प्रिय सुमे,

फोनवर तू रडत होतीस, मागून सासूबाई काहीतरी सांगत होत्या, त्यात माझं बोलणं राहूनच गेलं. तुझ्या मुक्ताने आणि तिच्या वर्गातल्या कोमलने मिळून रंगवलेलं ते कापड तू जाळायला निघालीस, त्याबद्दलच बोलायचं होतं. म्हणून कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवतेय. चष्मा लावून वाच. भाऊजींना लगेच मोठ्याने वाचून दाखवू नकोस, आधी तू एकटी वाच.

पहिलं म्हणजे मुक्ताच्या मनगटावर जे उठलंय ती करणीबिरणी काही नाही. बिब्बा उतलाय. आपल्या गल्लीतला परीट कपड्यांवर खुणा कशाने करायचा, आठव जरा. बिब्ब्याचा रस कापडावर लागला की काळा डाग पडतो, तो कितीही धुतला तरी जात नाही. आणि तोच रस कातडीला लागला की फोड येतात. खाजवू देऊ नकोस, फोड फोडू देऊ नकोस, पसरायला लागले तर सरळ दवाखान्यात ने. आणि पोरींना सांग, पुढच्या वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून काम करा. ‘पुढच्या वेळी’ वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत.

दुसरं, ती ‘कसलीतरी अक्षरं’. मुक्ता मला दिवाळीपासून त्या कापडाचे फोटो पाठवतेय. ती मोडी आहे गं! आजोबांच्या ट्रंकेत खरेदीखतं होती ना, तीच लिपी, फक्त या दोघींचं अक्षर फार वाईट आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकल्यात, आणि शिकल्यात ते एवढ्याचसाठी की तुला वाचता येऊ नये. आमच्या वेळी ‘च’ची भाषा होती. तू मधे येऊन बसलीस की आम्ही ती सुरू करायचो आणि तू भोकाड पसरायचीस.

आता मुख्य गोष्ट. अंबाजोगाईत जन्म गेला, पण संतकवी दासोपंतांची पासोडी तू कधी नीट पाहिलीस का? मीही पाहिली नव्हती. लहानपणी दासोपंतांच्या देवघरात नेलं होतं तेव्हा लक्ष प्रसादाकडे. पोरींना मात्र शाळेतल्या बाईंनी नेलं आणि त्या तिथेच अडकल्या. 400 वर्षांपूर्वी एक माणूस जवळजवळ 40 फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ हा वेदान्ताचा ग्रंथ लिहून काढतो, हे त्यांना वेदान्तापेक्षा मोठं वाटलं. त्याच आठवड्यात मुक्ताने माझ्याकडे पैसे मागितले. वहीसाठी म्हणाली. मांजरपाट आणला होता, हे मला नंतर कळलं.

त्या मांजरपाटावर एक गाव आहे. दिवाळी झाली की त्या गावातली सगळी कर्ती माणसं निघून जातात आणि मागे उरलेल्या पोरी, म्हाताऱ्या आणि जनावरं गाव चालवतात. पंचायत आहे, तिची सरपंच एक भाकड म्हैस आहे. पाण्याचे नियम आहेत, कुणी किती घागरी भरायच्या, कुणी बारव उपसायची, सगळं मुक्ताने कलमं घालून लिहिलंय, हेडमास्तराची नात शोभते. चित्रं कोमलची. रेघा बिब्ब्याच्या, लाल गेरूचा, काळा काजळीचा. पिवळ्याला हळद वापरली होती, ती उन्हात उडाली म्हणून दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुक्ताचं म्हणणं, मी सांगितलं होतं, कोमलचं म्हणणं, सांगितलं होतंस तर अडवलं का नाहीस. गावाला एक कोतवालीण आहे, चष्मेवाली, हातात उलथनं घेऊन वेशीत उभी. ती कोण ते तुला सांगायची गरज नाही.

तू म्हणतेस, त्या पोरीने आपल्या लेकराला नादी लावलं. मला फोटोंतून उलटं दिसतं. मुक्ताला तू ओळखतेस: सहावीपासून गोष्टी लिहितेय, एकही पुरी केली नाही. प्रत्येकीत राजवाडा, बर्फ आणि ‘एलिझा’ नावाची मुलगी. अंबाजोगाईत बर्फ! कोमलने तिला विचारलं म्हणे, ‘ही एलिझा पाणी कुठून भरायली?’ मुक्ताला उत्तर देता आलं नाही आणि तिथून ते गाव सुरू झालं. कोमलला गोष्टीची शिस्त नाही, तिचं चित्र कुठेही सुरू होतं आणि जागा संपली की थांबतं. बोलायला लागली तर थांबत नाही, आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणते, मधेच शिवी घालते. आपली मुक्ता दारात पाहुणा आला तरी आत पळते. या दोघींपैकी एकटी कुणीही ते कापड करू शकली नसती. मैत्री इतकी तापलेली आहे ती त्यामुळे. दोघींनाही आपलं अर्धं काम दुसरीच्या हातात दिसतंय, आणि त्या वयात असं दिसणं सोपं नाही गं, जीव घाबरा होतो. म्हणून ते रुसणं, ते न जेवणं, ते येळवसला, वेळ अमावास्येला, सगळे शेतात आंबील पीत असताना दोघींनी कडब्याच्या कोपीमागे जाऊन बसणं.

इथली एक गोष्ट सांगते. माझ्या इथून बसने थोड्याच अंतरावर हॉवर्थ म्हणून डोंगरावरचं गाव आहे. दगडी फरसबंदीचा असा चढ की माझे गुडघे बोलतात. तिथे शार्लट ब्राँटे या लेखिकेचं घर संग्रहालय म्हणून जपलंय. 1831 साली, 14 वर्षांची असताना, तिला शाळेत दोन मैत्रिणी भेटल्या. एलन शांत, देवभक्त, मर्यादेत राहणारी. मेरी तोंडाळ, तिने शार्लटला सरळ सांगितलं होतं, तू दिसायला फार कुरूप आहेस. दोघींशी हिची मैत्री जन्मभर टिकली. मेरी 1845 साली थेट न्यूझीलंडला गेली आणि तिथे पुढे दुकान चालवलं, त्या काळात, बाई माणूस! एलन इथेच राहिली आणि शार्लटचं प्रत्येक पत्र ठेवत गेली. 1854 साली शार्लटचं लग्न झालं, आणि नवऱ्याने काही महिन्यांत एलनकडून कबुली मागितली की ती पत्रं जाळून टाकीन. बायका पत्रांत फार मोकळेपणाने लिहितात, ते धोक्याचं असतं, असं त्याचं म्हणणं. एलनने पत्रं जाळली नाहीत. पुढच्याच वर्षी शार्लट गेली. आज तिच्याविषयी जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्या शेकडो पत्रांतून कळलेलं आहे. मेरीने मात्र तिच्याकडची जवळजवळ सगळी स्वतःच जाळली, त्यामुळे त्या तोंडाळ मैत्रिणीला शार्लट काय लिहायची हे आता कळायला मार्ग नाही. मला खरं म्हणजे तीच पत्रं वाचायची होती.

तू फोनवर ‘बंबात घालते ते फडकं’ म्हणालीस तेव्हा मला हे आठवलं. आपल्या पोरी काही ब्राँटे नाहीत, आणि ते कापड जगाला हवं आहे असंही नाही. माझं नि माझ्या मैत्रिणीचं हस्तलिखित आईने रद्दीत घातलं होतं, त्याचं मला आज काडीचंही दुःख नाही. भिकार होतं ते, कविता तर विचारूच नकोस. दुःख वेगळं आहे. त्या रद्दीनंतर दोन महिन्यांत तिचं लग्न झालं, माजलगावकडे दिली. दहावीचा निकाल तिने सासरी ऐकला. आमच्या घरात तेव्हा सगळ्यांना एकच काळजी होती, की ही वरच्या गल्लीतली गाणारी पोरगी आपल्या पोरीला बिघडवील. तिचं काय होणार याची काळजी कुणाच्या मनातही आली नाही.

म्हणून सांगते, काळजी कर, पण योग्य जागी कर.

मुक्ताची काळजी कधी करायची तेही सांगते. आमच्याकडे कामावर, म्हाताऱ्यांच्या संस्थेत, एक प्रशिक्षण होतं. त्यात अमांडा रोज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या 2002 सालच्या अभ्यासाविषयी सांगितलं. मैत्रिणी तेच ते दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या की त्या जवळ येतात खऱ्या, पण जास्त उदासही होतात. तेव्हा दोघी बंद खोलीत तासन्‌तास रडतच असतील, एकीने ‘जेवू नको’ म्हटल्यावर दुसरी जेवत नसेल, किंवा एक दुसरीला बाकी कुणाशीच बोलू देत नसेल, तर मला लगेच फोन कर. हाताला गेरू लागलाय आणि बीजगणितात मार्क कमी पडलेत, हे त्यात बसत नाही. आणि मार्क पहिल्या चाचणीला पडले, तेव्हा तर कोमल आलीही नव्हती. मी तारखा लावून बघितल्या.

आता कोमल. तिचे आईबाप धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातले, आगाऊ उचल घेतलेली, दसऱ्यानंतर टोळीबरोबर कर्नाटकात गेलेले, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, येत नाहीत. ती आणि तिची आजी तिथे अंबाजोगाईत एका खोलीत. कापडावरचं गाव हे तिचंच आहे, तुझ्या लक्षात आलं असेल. तुला त्या चित्रांत काहीतरी अभद्र वाटलं ना, माणसंच नाहीत म्हणून? ती ऊस तोडायला गेलीत, बाई.

मुक्ताने मला एक वाक्य लिहिलं, तुला सांगू नको म्हणाली, पण मी सांगतेय. कोमलच्या आजीकडे एक स्थळ येऊन गेलंय. आपल्या भागात हे कसं चालतं ते तुला माझ्याहून जास्त माहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. लग्न लावून दिलं की नवा कोयता तयार, वर उचल वेगळी. आणि उसाच्या फडावर वयात आलेली पोरगी बरोबर न्यायची भीती, मागे म्हातारीपाशी ठेवायची भीती, म्हणून आईबापांनाही ते बरं वाटतं. मी त्यांना दोष देत नाही. पण पोरगी 15 वर्षांची आहे आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे. मुक्ताचं जेवण कशाने सुटलंय ते आता तुला कळेल. हळदीच्या रंगावरून नाही.

तर तू असं कर. परीक्षा होईपर्यंत कोमलला आपल्या घरी झोपायला बोलाव. माडीवरची खोली रिकामीच आहे. जेवणाखाण्याचा खर्च मी पाठवते, त्यावर वाद घालू नकोस. सासूबाई जातीचा विषय काढतील; तो भाऊजींवर सोपव, त्यांच्या आईशी त्यांनी बोलावं. आजीशी भांडायला जाऊ नकोस, कायद्याने पहिल्या भेटीत सुरुवात तर अजिबात करू नकोस. तिला एवढंच सांग, की पोर माझ्या घरी आहे, सुरक्षित आहे, मी डोळ्यांत तेल घालून बघते. भीती गेली तर अर्धं स्थळ आपोआप मागे हटतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहं निघालीत, पुढच्या वर्षी अकरावीला तिथे जागा मिळते का, हे भाऊजींना समाजकल्याण कार्यालयात विचारायला सांग. आणि एवढं करूनही तारीख ठरायला लागली, तर मग मात्र संकोच नको. 1098 ला फोन कर, गावी लग्न ठेवलं तर तिथल्या ग्रामसेवकाला सांग. अठराच्या आतलं लग्न थांबवायची जबाबदारी त्याच्यावर आहे.

दोघींना एका बाकावर बसवू नका असं तू शाळेत सांगून आलीस म्हणे. ते जाऊन मागे घे. तुझा मान जाणार नाही, बाई हसतील फक्त. अभ्यासाचं म्हणशील तर दोघींना मिळून इतिहास करू दे, गणित वेगवेगळं. मुक्ता कोमलला पाठांतर करायला लावील आणि कोमल तिला उत्तर तोंडाने बोलायला लावील. पेपर संपेपर्यंत कापड तुझ्या कपाटात कुलपात ठेव, पण किल्ली कुठे आहे ते दोघींना माहीत असू दे. आणि घडी घालताना मधे कागद घाल, गेरू एकाचा दुसऱ्याला लागतो.

पुढे या दोघींचं काय होईल ते मला माहीत नाही. दहावीनंतर एक विज्ञानाला जाईल, एक कुठे जाईल. कदाचित भांडतील आणि परत तोंडही बघणार नाहीत. भांडल्या तर मधे पडू नकोस, आणि ‘मी म्हटलंच होतं’ असं तर चुकूनही म्हणू नकोस.

रविवारी तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की फोन करते, इथे दुपारचे अडीच असतात आणि माझी सुट्टी आहे. तेव्हा कोमलच्या आजीला घरी जेवायला बोलावून ठेव. साधंच कर, वरणफळं वगैरे. मला आधी त्यांच्याशी बोलायचंय, मुक्ताशी नंतर. मोबाइल स्पीकरवर लावू नकोस, त्यांच्या हातात दे.

सासूबाईंना नमस्कार. भाऊजींचा रक्तदाब तपासला का, ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी,
ताई