घरच्या घरी सायकलचं वजन

महाल, नागपूर
२२ जून

प्रिय अव्या,

तुझं पत्र मिळालं. सायकल घेतलीस, फार बरं केलंस. किंमत वाचून पोटात गोळा आला, पण पैसे तुझे आहेत. चार पानं खरडलीस त्यात मुद्दा एकच: कंपनीच्या कागदावर १३.२ किलो छापलंय, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवताना हात मात्र वेगळंच सांगतात, आणि दुकानात जाऊन 'जरा वजन करून दाखवा' म्हणायला तुला लाज वाटते. काऊन लाजून राहिला बे? पण असू दे. सायकल घरी तोलता येते, चांगली तोलता येते. आमच्या घरात हा उद्योग अधूनमधून चालूच असतो.

काटा शोधायच्या आधी एक ठरव: वजन नेमकं कशाचं करायचंय? कंपनी छापते ते वजन बऱ्याचदा पॅडल न लावलेल्या सायकलचं असतं, तेही एका ठरावीक मापाच्या फ्रेमचं. तू सहा फुटी, तुझी फ्रेम मोठी. त्यात पॅडलची जोडी तीन-चारशे ग्रॅम, साइड स्टँड तेवढाच, मडगार्ड, कॅरियर, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, आणि भरलेली पाण्याची बाटली एकटीच पाऊण किलो. कुणी खोटं बोललं नाही तरी १३.२ चे सोळा होतात. तेव्हा कंपनीशी भांडायचं असेल तर सगळं उतरवून तोल. जिन्याशी भांडायचं असेल तर जशी रोज चढवतोस तशीच, कुलपासकट तोल. विमानात घालायची असेल तर खोक्यासकट. तीन वजनं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि बहुतेक लोक एकाचा आकडा दुसऱ्या जागी सांगून वाद घालत बसतात.

आणि पुसून घे. तुमच्याकडचा चिखल काय ते मला माहीत नाही. इथे पाऊस पडला की आपली काळी माती टायरला अशी बसते की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चाक फिरेनासं होतं. तशा सायकलचं वजन करणं म्हणजे अर्धं शेत तोलणं. हवेची मात्र काळजी करू नकोस. हवा लिटरला सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर भरते. टायर टाइट असला काय नि पडलेला असला काय, फरक चाकामागे फार तर आठ-दहा ग्रॅमचा.

आता काटा. माणसांचं वजन करायचा काचेचा काटा तुझ्याकडे आहेच. वहिनींनी तो तुझ्यासाठी घेतला आणि तू तो पलंगाखाली सरकवलास, हेही मला कळलंय. तो बाहेर काढ आणि नुसत्या फरशीवर ठेव. सतरंजी नको, पायपुसणं नको. खालचे चारही पाय कडक जमिनीवर टेकले नाहीत तर तो वाटेल ते दाखवतो. आधी एकटा उभा राहा, आकडा लिहून ठेव. मग सायकल घेऊन उभा राहा. वजाबाकी केलीस की झालं.

करायला बसलास की कळेल, सायकल अंगाशी धरली की पायाखालचा आकडा दिसतच नाही. वाकून बघशील तर आकडा नाचतो आणि हँडल वळून कपाळावर येतं. कुणाला तरी वाचायला बसव, नाहीतर मोबाइल जमिनीवर टेकवून व्हिडिओ चालू ठेव. दांडा खांद्यावर घे, एका हाताने हँडल धर, आणि मागचं चाक भिंतीला किंवा पडद्याला टेकलेलं नाही एवढं बघ. आमच्याकडे आकडा वाचायचं काम मंजूचं. ती आधी माझा एकट्याचा आकडा मोठ्याने वाचते, मग सायकल राहते बाजूला आणि चर्चा माझ्या पोटावर येते.

यात खोट अशी की पंधरा किलोंसाठी आपण नव्वद किलो तोलतो. हे काटे शंभर-शंभर ग्रॅमच्या पायरीने चालतात. दोन आकडे, दोन्हींत थोडं इकडे-तिकडे, म्हणजे उत्तरात शंभर-दोनशे ग्रॅमचा संशय राहणारच. जिन्यासाठी तेवढं चालतं. पण स्टँड काढून किती हलकी झाली हे या काट्यावर बघायला जाऊ नकोस. त्यात आणखी एक चावटपणा: काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात, आणि नवं वजन त्याच्या जवळपास असलं की सरळ जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटावं, वा, काटा किती पक्का! तू स्टँड काढून पुन्हा उभा राहिलास आणि आकडा तसूभर हलला नाही, तर मध्ये पाण्याची बादली ठेवून बघ, मग परत उभा राहा. जुनी आठवण पुसली जाते.

कुणी सांगेल, उचलता कशाला, आधी पुढचं चाक काट्यावर ठेवा, मग मागचं, आणि बेरीज करा. बरोबर आहे, पण दुसरं चाक तेवढ्याच उंचीवर पाहिजे. एक चाक काट्यावर, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर वर, आणि दुसरं जमिनीवर असलं की थोडा भार खालच्या चाकाकडे सरकतो. दोन्ही खेपांना काट्यावरचं चाकच वर असतं, म्हणून दोन्ही आकडे कमी येतात आणि बेरीजही कमी येते. दुसऱ्या चाकाखाली काट्याएवढ्या जाडीचा पाट ठेव, सायकल बोटाने नुसती उभी धर, दाबू नकोस. काही काटे पाचेक किलोंच्या खाली जागेच होत नाहीत. पुढच्या चाकावर सहा-सात किलोच येतात, त्यामुळे तुझा काटा तिथे रुसू शकतो. मला ही पद्धत फारशी आवडत नाही.

पाचशे रुपयांच्या आतबाहेर एक हुकाचा काटा मिळतो, प्रवासाच्या बॅगा लटकवून तोलायचा. तो सरळ घेऊन टाक. चाळीस-पन्नास किलोंपर्यंत झेपतो, दहा ग्रॅमची पायरी असते, आणि वजाबाकीची भानगड नाही. आमच्या वऱ्हांड्यात झोपाळ्याच्या कड्या आहेत, तिथे लटकवतो. काट्याचा हुक दांड्याला बांधलेल्या पट्ट्यात, किंवा दुकानवाले करतात तसा सीटच्या टोकाखाली अडकवायचा, आणि सायकल झुलायची थांबेपर्यंत हात लावायचा नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये कडी नसेल तर दाराच्या चौकटीत व्यायामाचा दांडा लावतात तो चालेल. पंख्याच्या हुकाला हात लावू नकोस.

काटा खरं बोलतो की नाही, हे कसं कळणार? घरात एक छापील वजनाची वस्तू असते आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही: गॅसचं सिलिंडर. रिकाम्या सिलिंडरचं वजन वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बहुधा पंधरा-सोळा किलो. आत गॅस १४.२ किलो. सील न तोडलेलं सिलिंडर आलं की दोन्हींची बेरीज कर आणि तुझ्या काट्याला लटकवून बघ. भरण्यात शे-दीडशे ग्रॅम मागेपुढे होतात, पण काटा अर्धा किलो लबाडी करत असेल तर तिथेच पकडला जातो. काचेच्या काट्यावर ठेवशील तर सिलिंडरने आकडाच झाकला जातो. मध्ये छोटा पाट उभा कर आणि पाटाचं वजन वजा कर. सिलिंडर आणणाऱ्या पोऱ्याकडेही काटा असतो, मागितला की त्याने वजन करून दाखवायचंच असतं. आमच्याकडचा भला माणूस आहे. त्याने एकदा स्वतःहून सायकल लटकवून दिली आणि वर विचारलं, 'भाऊ, याचा गॅस कुठं भरता?'

उन्हाची एक गोष्ट. हे इलेक्ट्रॉनिक काटे साधारण चाळीस अंशांपर्यंतच्या हिशेबाने बनवलेले असतात. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गच्चीवर तापत पडलेला काटा काय सांगेल याचा भरवसा नाही. घरात, कूलरसमोर तोलावं. तुला ठाण्यात ही चिंता नाही, पण डिसेंबरात येशीलच, आणि त्यानंतर कधी मे महिन्यात यायची दुर्बुद्धी झाली तर लक्षात ठेव.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर पिठाची चक्की आहे. दुकानातला काटा दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, त्यामुळे घरच्या खेळण्यापेक्षा तो बरा. सायकल आडवी मावत नाही. मागच्या चाकावर उभी कर, पुढचं चाक आकाशाकडे, आणि मागच्या दांडीला टेकू देऊ नकोस. दुपारी जा. संध्याकाळी डबे घेऊन रांग लागलेली असते आणि पिठाच्या काट्यावर टायर ठेवणाऱ्याकडे बायका कशा बघतात ते मी पाहिलंय. जाताना खाली अंथरायला वर्तमानपत्र ने.

पण अव्या, माझी लाडकी पद्धत सांगायची राहिलीच. यात काटा लागतो तो फक्त स्वयंपाकघरातला, पाच किलोंचा. कपडे वाळत घालायचा जाड बांबू घे, मधोमध दोरी बांधून झोपाळ्याच्या कडीला टांग. दोन्ही टोकांना सुरीने खाचा कर, म्हणजे दोऱ्या सरकणार नाहीत. एका टोकाला सायकल, दुसऱ्याला रिकामी बादली. झाली कावड. आता बादलीत पाणी ओत, आधी तांब्याने, मग पेल्याने, शेवटी वाटीने, बांबू आडवा होईपर्यंत. मी मागच्या खिडकीच्या चौकटीशी बांबू जुळवून बघतो. पोरगा ओततो, मी 'थांब, थांब' ओरडतो, आणि शेवटच्या वाटीला बांबू असा हळूच डोकं खाली घालतो की दोघंही श्वास धरून बसतो.

इथे लोक बादली तोलतात आणि 'सायकल एवढी' म्हणून मोकळे होतात. पण बांबू काही दोन्हीकडे सारखा नसतो, दोरी नेमकी मध्यावर नसते. म्हणून ती बादली तशीच राहू दे, सायकल काढ, आणि सायकलच्याच दोरीला दुसरी बादली अडकव. तिच्यात पाणी भरत जा, पुन्हा बांबू आडवा होईपर्यंत. ही दुसरी बादली म्हणजे तुझी सायकल. एकाच टोकाला, एकाच दोरीवर, समोरच्या त्याच भाराशी दोघींनी बरोबरी केली, तेव्हा बांबू वाकडा असला तरी बिघडत नाही. मग त्या बादलीतलं पाणी पातेल्या-पातेल्याने घरच्या काट्यावर तोल, रिकाम्या बादलीचं वजन मिळव. पाच किलोंच्या काट्यावर पंधरा किलोंची सायकल तोलली गेली. १८व्या शतकातल्या बोर्दा या फ्रेंच माणसाच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. पाणी लिटरने मोजून किलो म्हणू नकोस. चाळीस अंशांच्या पाण्याचा लिटर ९९२ ग्रॅमच भरतो, आणि आपला तांब्या तर काय मापाचा देव जाणे.

या कावडीवर आम्ही बाबांची जुनी काळी सायकलही चढवली होती, कॅरियर, चेनकव्हर, डायनॅमोसकट. वीस किलोंच्या वर भरली. मणाच्या हिशेबात अर्ध्या मणाहून जास्त. मोठ्या शर्यतींत २००० सालापासून नियम आहे की सायकल ६.८ किलोंहून हलकी चालणार नाही. म्हणजे त्यांच्या तीन सायकली मिळून बाबांची एक. ती घेऊन ते रोज महालातून ऑफिसला जायचे आणि परत येताना कॅरियरवर भाजीही असायची.

त्यामुळे तुझी पंधरा निघाली तर रडू नकोस. तू आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले तर एक किलो म्हणजे शंभरातला एक. दहा मिनिटांच्या चढाला सहा-सात सेकंद जातील. सपाटीवर तेवढेही नाही. तिथे समोरचा वारा आणि टायरमधली कमी हवा जास्त खातात. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर नागपूर सपाटच आहे. वजन खरं छळतं ते जिन्यावर आणि विमानतळावर.

विमानाने आणतो म्हणतोस, तर ते खोक्यासकटच मोजायचं. पुठ्ठ्याचं खोकं आणि आतला फोम दोन-तीन किलो खातो. देशांतर्गत तिकिटावर बहुतेक ठिकाणी पंधरा किलोच फुकट असतात, वरच्या प्रत्येक किलोला पैसे, आणि तुझ्या कपड्यांची बॅग अजून वेगळी. पॅडल, स्टँड, कॅरियर, कुलूप काढून ठेव. कुलूप माझ्याकडे आहे. तिकीट काढायच्या आधी खोकं हुकाच्या काट्याला लटकव, नंतर नको. मी तुझ्या जागी असतो तर सायकल विदर्भ एक्सप्रेसने पार्सल केली असती आणि स्वतः वर निवांत झोपलो असतो. पण तू ऐकणार नाहीस.

रामटेकला पन्नासेक किलोमीटर पडतात. पहाटे निघू, मनसरला चहा-पोहे घेऊ, तर्री माझ्याकडून. गडावर मात्र आपापली सायकल आपण चढवायची.

सगळं उतरवून किती भरली आणि कुलपासकट किती, दोन्ही आकडे कळव. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की काटा पलंगाखालून निघाला.

तुझा,
बाळ्या