सिंहगडाला येणाऱ्यांनी गाडी लावण्याआधी वाचा

नमस्कार मंडळी,

रविवारी पहाटे साडेपाचला गडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत जमायचं आहे. मागच्या खेपेला आपल्यातल्या एका ताईंच्या गाडीची काच फोडून बॅग नेली. सीटभर काचेचे दाणे, आणि बॅगेत होता नुसता डबा आणि कोरडे कपडे. पण बाहेरून ते कसं कळणार? बॅग दिसली, काच फुटली. म्हणून सीटवर काहीही ठेवू नका, चार्जरची वायरसुद्धा नको. डिकीत ठेवायचं सामान घरूनच ठेवून या. तळावर डिकी उघडलीत की बघणाऱ्याला सगळं समजतं.

दुचाकीचं हँडल लॉक करा, हेल्मेट आरशाला लटकवू नका.

तळावर कुणी दारू पिऊन धिंगाणा घालत असेल तर हुज्जत नको. गाडीचा नंबर टिपा, ११२ ला फोन करा. जंगलात शेकोटी दिसली तर वनखात्याच्या १९२६ या नंबरला. राखीव वनात जाळ करणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

सगळे गड उतरेपर्यंत दोघांनी गाड्यांपाशी थांबायचं आहे. कोण थांबणार, ते शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.