रक्तदाबाच्या नोंदीत पाळीची तारीख हवी

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

गरोदर बाईची नोंदणी करताना आशाताई आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. त्याच आशाताई तिशी ओलांडलेल्या बाईचा असंसर्गजन्य आजारांचा, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, कर्करोग अशा न पसरणाऱ्या आजारांचा अर्ज भरतात, तेव्हा ही तारीख विचारली जात नाही. त्या अर्जात दोन पाळ्यांच्या मधल्या आणि रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाचे प्रश्न आहेत, पण ते कर्करोगाच्या संशयापुरते. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा विषय आला की पाळीचा उल्लेखच नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि ही उणीव मला फार खटकते, म्हणून हे पत्र.

हृदयातून रक्त बाहेर पडते तेव्हा महाधमनी ताणली जाते आणि लगेच पूर्ववत होते. धमन्या ताठर झाल्या की हे ताणणे कमी होते, वरचा रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ही ताठरता सुईशिवाय मोजता येते. मानेतली आणि जांघेतली नाडी एकाच वेळी टिपून नाडीची लाट किती वेगाने धावते ते पाहायचे. निरोगी तरुण स्त्रीत हा वेग सेकंदाला साधारण 6 मीटर असतो. 10 मीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात.

आता पाळीचा संबंध. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन चढत जाते आणि बीज सुटण्याच्या थोडे आधी शिखर गाठते. या संप्रेरकामुळे धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होते आणि धमनी सैलावते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढते, आणि त्याचा परिणाम इतका सरळ नाही. काही अभ्यासांत बीज सुटण्याच्या सुमारास धमन्या सर्वांत लवचिक आढळल्या, तर काहींत महिनाभर फरकच दिसला नाही. मानेतल्या धमनीत बदल दिसतो आणि नाडीच्या लाटेचा वेग मात्र तोच राहतो, असेही आढळले आहे. फरक असला तरी तो लहान असतो आणि निरोगी बाईला त्यापासून काही धोका नाही, हे मला ठामपणे सांगायचे आहे. या विषयातून पाळीबद्दल नवी भीती पसरू नये.

निष्कर्ष जुळत नाहीत, त्याचे एक मोठे कारण अभ्यासाच्या पद्धतीत आहे. पुष्कळदा पाळीचा टप्पा नुसता कॅलेंडरवर दिवस मोजून ठरवतात. पण सगळ्यांची पाळी 28 दिवसांची नसते आणि दर महिन्याला बीज सुटतेच असेही नाही. एकाच स्त्रीची महिन्यात अनेकदा तपासणी, लघवीच्या पट्टीने बीज सुटल्याची खात्री, रक्तातली संप्रेरके, गर्भनिरोधक गोळ्यांची नोंद, एवढे केले तरच उत्तराला वजन येते. ही कटकट नको म्हणून संशोधनातून बाईलाच वगळण्याची सवय जगभर होती. अमेरिकेत 1977 साली मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याची सूचना निघाली, ती 1993 मध्ये मागे घेतली गेली. मधल्या काळात जे समजले असते ते राहूनच गेले.

महाराष्ट्राने याकडे लक्ष द्यायला हवे, त्याला आपल्याच राज्यातले कारण आहे. 2019 साली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्याने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 13 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर ऐन तारुण्यात बीजकोशही गेले, तर इस्ट्रोजेनचे संरक्षण एका दिवसात संपते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. या स्त्रियांच्या धमन्यांची काळजी कोणत्या अर्जात घेतली जाते? मला तरी दिसत नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तिशीपुढील तपासणीच्या अर्जात शेवटच्या पाळीची तारीख टाका. पाळी बंद झाली असल्यास कोणत्या वयात, आणि ती शस्त्रक्रियेमुळे बंद झाली की आपोआप, हेही विचारा. अर्ज केंद्राचा असल्याने तो बदलायला वेळ लागेल, तोवर राज्याने पुरवणी पान जोडावे. प्रश्न बाईनेच, आडोशाला विचारावा आणि उत्तर देणे ऐच्छिक असावे. गावच्या सभामंडपात पुरुषांच्या रांगेशेजारी ही माहिती घेतली तर खरी उत्तरे मिळणार नाहीत. दुसरे, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेला सोबत घेऊन राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत वर सांगितलेल्या पद्धतीचा अभ्यास सुरू करावा. त्यात शेतात राबणाऱ्या आणि रक्तक्षय असलेल्या बायाही हव्यात, केवळ आमच्या विद्यार्थिनी नकोत.

एक विनंती आणखी. पाळीचा शब्द दिसला म्हणून ही फाइल केवळ माता-बालसंगोपनाच्या टेबलावर पाठवू नका. ती असंसर्गजन्य आजारांच्या विभागाकडे जाऊ द्या.

आपली,
शरीरक्रियाशास्त्राची एक शिक्षिका