वारली चित्र भिंतीवर, वारली बोली कुठे?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी भाची कॅनडातल्या ओंटारियोत असते, तिकडे अनिशिनाबे आदिवासी आहेत, त्यांची पोरं पिढ्यान्पिढ्या घरातून उचलून बोर्डिंगात टाकली, स्वतःची भाषा बोललं की मार! आता कल्चरल सपोर्टवाले, म्हणजे आपली संस्कृती जपायला मदत करणारे, पोरांना जाणत्या म्हाताऱ्यांजवळ बसवतात, ढोल शिकवतात, तळ्यातला जंगली भात झोडायला घरच्यांसकट नेतात. कॅनडाच्या आदिवासी मुलांसाठीच्या २०१९ च्या कायद्यातही मूल शक्यतो आपल्याच माणसांत राहावं असं आहे. आणि आपण? येऊरच्या वारली पाड्यावरचं पोरगं वर्गात घरची बोली बोललं की सगळे फिदीफिदी हसतात, मी स्वतः पाहिलंय, आणि सोसायटीच्या गेटवर मात्र हौसेने वारली पेंटिंग. पालिकेने पाड्यावरचीच एखादी आजी मानधन देऊन शाळेत बोलवावी ना, आठवड्यातून तासभर तरी.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे