शिट्टी हातात धरायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

चौदा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहायला तुम्ही मला शिकवलेत. तुमचे आभार मी तोंडी मानले होते. पण ते नेमके कशाबद्दल, हे सांगायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

त्या सामन्याच्या पूर्वार्धात पेनल्टी क्षेत्राच्या जरासे बाहेर एका मुलाला मागून पाय घालून पाडले गेले आणि मी तत्क्षणी शिट्टी वाजवली. चेंडू मात्र घरंगळत त्याच्या सहकाऱ्याकडे गेला होता आणि त्याने तो शिट्टीपाठोपाठ जाळ्यात मारला. शिट्टीने खेळ थांबतो, त्यामुळे तो गोल मला देता येईना. पडलेल्या मुलाने वाद घातला नाही. गुडघ्याची माती न झटकता तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मध्यंतरात तुम्ही नियम समजावत बसला नाहीत. "शिट्टी तोंडात होती की हातात?" एवढेच विचारलेत.

तोंडात होती. हातात असती, तर ती ओठांपर्यंत नेण्यात जो एखादा सेकंद जातो, तेवढ्यात चेंडू कुठे चालला आहे हे मला दिसले असते. अ‍ॅडव्हान्टेज दिल्यावर, म्हणजे फाउल झालेल्या संघाच्या फायद्यासाठी खेळ चालू ठेवल्यावर, अपेक्षित फायदा काही सेकंदांत झाला नाही, तर मूळ फाउलसाठी शिट्टी वाजवण्याची मुभा नियमच देतो, आणि हा नियम मला तोंडपाठ होता. पण झटकन निर्णय देणारा पंच तोच खंबीर, असा माझा पक्का समज होता. तुमच्या त्या एका प्रश्नाने तो गेला.

मैदानावर परतताना तुम्ही बजावलेत, "आता त्या मुलाचे देणे फेडायला जाऊ नका." तेव्हा ते मला कठोर वाटले होते. उत्तरार्धात त्याच संघाचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात पडला. तो स्वतःच्याच पायात अडखळला होता, हे मी अगदी जवळून पाहिले होते, आणि तरीही माझा हात शिट्टीकडे निघाला होता. पूर्वार्धातल्या माझ्या चुकीची किंमत समोरच्या गोलरक्षकाने का मोजावी, हा विचार केवळ तुमच्या त्या वाक्यामुळे वेळेवर आला आणि हात खाली गेला.

शेवटच्या मिनिटांत मी गोल किक, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाची किक, दिली, तर सहाय्यक पंचाचा झेंडा कॉर्नर, म्हणजे हल्ला करणाऱ्या संघाची कोपऱ्यातली किक, दाखवत होता. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच निर्णय बदलता येतो. गोलरक्षकाने चेंडू ठेवला होता, पण अजून मारला नव्हता. पालकांचा गलका चालू असताना मी कॉर्नर दिला. निर्णय फिरवला तर मुले जुमानणार नाहीत, ही माझी भीती होती. त्या गोलरक्षकाने मात्र चेंडू उचलून कोपऱ्याकडे फेकला आणि तो मुकाट्याने आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

सर, मध्यंतरात मला थांबवून उरलेला सामना दुसऱ्या पंचाकडे सोपवणे तुम्हाला सहज शक्य होते. त्याऐवजी तुम्ही पाण्याची बाटली माझ्या हातात दिलीत आणि "वेळ झाली" म्हणून मैदानाकडे बोट दाखवलेत. त्या विश्वासाबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
एक पंच