‘वकिलाला दाखवा’, पण कुठल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या करारांवरचा कालचा लेख वाचला. सही करण्याआधी करार नीट वाचा, वकिलाला दाखवा, असा सल्ला त्यात आहे. माझ्या मुलीपुढे चाकणच्या एका कंपनीत रुजू होण्याच्या दिवशीच बावीस पानं ठेवली. घरी नेऊन वाचते म्हणाली, तर ‘बाहेर अजून चौघं थांबलीत’ असं ऐकवलं. तिने सही केली. दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉण्ड, मोडल्यास दीड लाख, शिवाय दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं जमा.

सर्वोच्च न्यायालयाने बॉण्ड वैध ठरवला, एवढं लिहून लेखक मोकळे झाले. मे २०२५चा तो निकाल विजया बँकेचा आहे. सरकारी बँकेला जाहिरात काढून, स्पर्धेतून भरती करावी लागते, त्या खर्चापुढे बॉण्ड मोडल्याचे दोन लाख अवाजवी नाहीत असं कोर्ट म्हणालं. माझ्या मुलीला प्रशिक्षण म्हणून चार दिवस मशीनशेजारी उभं केलं, त्याचे दीड लाख? करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, द्यायची ती वाजवी भरपाई. हे छापायला हवं होतं. त्या आकड्याच्या धास्तीनेच पोरं राजीनामा देत नाहीत.

आठ महिन्यांनी तिने नोकरी सोडली. कामगार खात्याच्या कचेरीत गेलो, तर ‘ज्युनियर इंजिनियर’ हा हुद्दा बघून ‘कामगारात मोडत नाही’ म्हणत अर्ज परत केला. पूर्ण शिफ्ट हातात व्हर्नियर घेऊन पार्टची मापं घेणारी मुलगी कामगार नाही? हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. खासगी वकिलाने नुसत्या नोटिशीचे सात हजार सांगितले.

शेवटी शिवाजीनगर कोर्टाबाहेरचा एक टायपिस्ट म्हणाला, ‘काका, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, आत विधी सेवा प्राधिकरणात जा.’ १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच ते आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, यांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. अख्ख्या पानभर लेखात या एका ओळीला जागा नव्हती?

तिथल्या वकिलाची नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत प्रमाणपत्रं परत आली. दहावीच्या गुणपत्रिकेला फायलीत अडकवायला दोन भोकं पाडली आहेत. त्यातलं एक बोर्डाच्या शिक्क्यातून आरपार गेलंय. मुलगी ती गुणपत्रिका कुणाला दाखवत नाही.

आणखी एक. आपल्याच रविवारच्या छोट्या जाहिरातींत ‘मूळ कागदपत्रे जमा करावी लागतील’ असं सर्रास छापून येतं. तसली जाहिरात घेऊ नका, एवढं तर आपल्या हातात आहे.

तिचा शेवटचा पगार अजून अडकलेला आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

– एक वडील, चिंचवड