बी विंगच्या काकांना, टेपसकट थँक्यू

काका, समोर बसून नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

टॉप फ्लोअरचा तो रिसेल टू बीएचके आम्हाला इतका आवडला होता की ह्यांनी ५१ हजार टोकनचा चेक पण लिहून ठेवलेला, आणि तुम्ही लिफ्टमध्ये सहज विचारलंत, "मंजूर नकाशा पाहिलात का?" मी म्हटलं एजंटने झेरॉक्स दिलीय. तर तुम्ही म्हणालात त्याची झेरॉक्स राहू दे, महापालिकेची नक्कल काढ. माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हीच लिहून दिलात, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट पण तुमच्याच पाकिटातलं! एजंट रोज फोन करायचा, दुसरी पार्टी तयार आहे म्हणून, आणि मी मनातल्या मनात तुमच्यावर चिडायचे, खोटं कशाला बोलू.

नक्कल आली आणि तुम्ही टेप घेऊन आमच्यासोबत तो फ्लॅट बघायला आलात. नकाशावर जिथे ओपन टेरेस लिहिलंय तिथे चक्क मास्टर बेडरूम, वॉर्डरोब, एसी सगळं. तुम्ही खुर्चीवर चढून छडीने पीओपीवर ठोकलंत तर वरून पत्र्याचा आवाज, स्लॅबच नाही! १० बाय १२ची खोली, म्हणजे १२० फूट, साडेसात हजारच्या रेटने ९ लाख आम्ही त्या पत्र्याचेच मोजणार होतो. आणि भोगवटा पत्र, म्हणजे राहायला महापालिकेची परवानगी, तर बिल्डिंगला आहे ना, असं मालक सारखं म्हणत होते, पण ते मिळालं तेव्हा तिथे उघडी गच्ची होती हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत.

"सगळेच करतात हो, नंतर रेग्युलराइज होतं" हे एजंटचं पालुपद. तुम्ही शांतपणे म्हणालात की मग तुम्हीच आधी करून द्या, खरेदीखत त्यानंतर. कारण उद्या बेकायदा बांधकामाची, एमआरटीपी कायद्याखालची नोटीस आली तर ती तेव्हाच्या मालकाला, म्हणजे आम्हालाच. शास्ती, म्हणजे बेकायदा बांधकामावरचा महापालिकेचा दंड, भरली तरी बांधकाम कायदेशीर होत नाही हे तर मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं पावती मिळाली की झालं.

मालक खोली पाडायला तयार नव्हते, भाव कमी करायलाही नाही. सोडला तो फ्लॅट. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही, खिडकीतून दिसणारी टेकडी अजून आठवते.

आता दुसरा बघतोय, नक्कल आधीच काढलीय. तुमची टेप आमच्याकडेच राहिलीय, रविवारी मोजमाप झालं की आणून देते, काकूंना सांगा चहा मी येऊन करीन.